किती जवळ, किती वेळ

दोन माणसे बोलत असतात तेव्हा त्यांच्यामधली रिकामी जागाही काही सांगत असते, आणि एकाचे वाक्य संपल्यावर दुसऱ्याने उत्तराला लावलेला उशीरही. मराठीला हे पहिल्यापासून ठाऊक आहे. नातेवाईक ‘जवळचे’ किंवा ‘लांबचे’ असतात, नकोशा माणसापासून ‘चार हात लांब’ राहिले जाते, आधार काढून घेण्याला ‘अंतर देणे’ म्हणतात आणि डोईजड झालेल्याला त्याची ‘जागा दाखवली’ जाते. प्रेमाच्या माणसासाठी वेळ ‘काढला’ जातो. ज्याची किंमत नाही त्याला दारात ‘ताटकळत ठेवले’ जाते. भाषेने असे बारकाईने टिपून ठेवलेल्या या व्यवहाराचा शिस्तशीर अभ्यास मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाला. अंतराच्या अभ्यासाला ‘प्रॉक्सेमिक्स’ आणि वेळेच्या अभ्यासाला ‘क्रोनेमिक्स’ अशी नावे पडली.

या अभ्यासाचा पाया घालणारे अमेरिकी मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टी. हॉल (1914–2009) तरुणपणी, 1930च्या दशकात, अ‍ॅरिझोनातल्या नवाहो आणि होपी लोकांच्या वस्त्यांवर काम करत होते. पुढे 1950च्या दशकात त्यांनी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत परदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्यांना शिकवले. हे अधिकारी भाषा शिकून जात, व्याकरण बिनचूक बोलत, आणि तरीही लोक त्यांना तुसडे किंवा उतावळे समजत. कोणी बोलताना जवळ आला की ते नकळत मागे सरत. कोणी तासभर थांबायला लावले की अपमान झाला असे मानत. शब्दांच्या खाली आणखी एक भाषा चालू असते, आणि ती कोणी शिकवत नाही म्हणून तीच ‘स्वाभाविक’ वाटते, हे हॉल यांच्या ‘द सायलेंट लँग्वेज’ (1959) या पुस्तकाचे सूत्र. ‘द हिडन डायमेन्शन’ (1966) हे त्यानंतरचे पुस्तक पूर्णपणे अंतरावर आहे.

हॉल यांनी अंतराचे चार पट्टे पाडले. सुमारे 45 सेंटिमीटरपर्यंतचे अंतर जिव्हाळ्याचे; तिथपासून 1.2 मीटरपर्यंतचे ओळखीपाळखीचे, 1.2 ते 3.6 मीटरपर्यंतचे कामकाजाचे. त्यापलीकडचे सभेचे, भाषणाचे. हे आकडे पुढे इतक्या पाठ्यपुस्तकांत गेले की ते साऱ्या मानवजातीचे आहेत असा समज झाला. प्रत्यक्षात ते मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मध्यमवर्गीय प्रौढांच्या निरीक्षणांतून आले होते, आणि हॉल यांनी तसे स्पष्ट लिहूनही ठेवले होते. त्यांच्या मांडणीत आकड्यांपेक्षा मोलाची गोष्ट वेगळी आहे: प्रत्येक पट्ट्यात कोणती ज्ञानेंद्रिये कामाला लागतात हे त्यांनी नोंदवले. हातभर अंतरात समोरच्याच्या अंगाची ऊब आणि श्वासाचा वास जाणवतो, चेहरा डोळ्यांत मावत नाही, आवाज आपोआप खाली येतो. दोन मीटरांवर वास जातो, हात पोहोचत नाही, पण चेहऱ्यावरची आठी दिसते. दहा मीटरांवर आठीही दिसत नाही. मग आवाज चढतो, हातवारे मोठे होतात आणि वाक्ये अधिक रेखीव होतात. अंतर बदलले की माणूस समोरच्याला वेगळ्या इंद्रियांनी ओळखू लागतो.

ही जाणीव शरीरात खोल रुजलेली आहे. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी प्राणिसंग्रहालयातल्या कामातून दाखवले होते, की जवळ येणारा शत्रू ठरावीक टप्प्यावर पोहोचला की प्राणी पळतो, आणि पळायला जागा नसेल तर उलटून हल्ला करतो. हॉल यांनी त्यातूनच प्रेरणा घेतली. माणसाच्या मेंदूतला पुरावा बराच उशिरा, 2009 साली, पुढे आला. भीतीशी निगडित असलेला अमिग्डाला हा मेंदूचा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या एका स्त्रीला प्रयोगात ‘जिथे बरे वाटेल तिथे थांबा’ असे सांगितले, तेव्हा ती समोरच्या माणसापासून सरासरी 34 सेंटिमीटरवर थांबली. तुलनेसाठी घेतलेल्या इतरांची सरासरी 76 सेंटिमीटर होती. नाकाला नाक लागेपर्यंत जवळ आणले तरी तिला अवघडल्यासारखे होत नव्हते. अंतर राखण्याची गरज अशी उपजत आहे; ते किती राखायचे आणि कोणापासून, हे मात्र समाज शिकवतो.

जगाची दोन रकान्यांत वाटणी

पहिल्या पिढीतल्या संशोधकांनी समाजांची ‘स्पर्शशील’ आणि ‘स्पर्श टाळणारे’ अशी विभागणी केली. अरब, लॅटिन अमेरिकी आणि दक्षिण युरोपीय पहिल्या रकान्यात. उत्तर युरोपीय, उत्तर अमेरिकी आणि पूर्व आशियाई दुसऱ्यात. या वाटणीला आधार देणारी निरीक्षणे होती. वॉटसन आणि ग्रेव्ह्ज यांनी 1966 साली अमेरिकेत शिकणाऱ्या अरब विद्यार्थ्यांची अमेरिकी विद्यार्थ्यांशी तुलना केली. अरब विद्यार्थी आपसात बोलताना जास्त जवळ, जास्त समोरासमोर बसत, नजर अधिक थेट देत आणि आवाजही मोठा ठेवत. त्याच वर्षी सिडनी जुरार्ड यांनी कॅफेत बसलेल्या जोड्या एका तासात एकमेकांना किती वेळा स्पर्श करतात हे मोजले. प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये 180 वेळा, पॅरिसमध्ये 110, फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलमध्ये 2, आणि लंडनमध्ये एकदाही नाही. हे आकडे इतके बोलके आहेत की ते किती मोजक्या टेबलांवरून आले याकडे पुढे उद्धृत करणाऱ्यांचे लक्ष राहिले नाही.

बारकाईने पाहू लागल्यावर वाटणी ढासळू लागली. रॉबर्ट शटर यांनी 1976 साली कोस्टा रिका, पनामा आणि कोलंबिया या तीन देशांत निरीक्षण केले, तेव्हा एकाच ‘लॅटिन’ रकान्यात बसवलेल्या या देशांत दक्षिणेकडे जावे तसतसे स्पर्श आणि सामीप्य कमी होताना दिसले. अलीकडचा मोठा अभ्यास 2017 सालचा आहे. 42 देशांतल्या 8,943 लोकांना कागदावर दोन मानवी आकृत्या दाखवून, अनोळखी, ओळखीचा आणि जिवलग माणूस किती अंतरावर आला तर चालेल अशी खूण करायला सांगितले. अनोळखी माणसासाठी सर्वांत जास्त अंतर मागितले ते रोमानियात, सर्वांत कमी अर्जेंटिनात. सौदी अरेबियातल्या लोकांनी जिवलगासाठी मागितलेले अंतर अर्जेंटिनी लोकांनी परक्यासाठी मागितलेल्या अंतरापेक्षाही जास्त निघाले. ‘अरब जवळ उभे राहतात’ हे ठोकळ विधान त्यापुढे टिकत नाही. उष्ण प्रदेशांत परक्याला जवळ येऊ देण्याकडे कल दिसला. स्त्रियांनी आणि वयस्करांनी सर्वसाधारणपणे जास्त अंतर मागितले. कागदावर खूण करणे आणि खरोखर उभे राहणे यांत फरक असतो, ही या अभ्यासाची मर्यादा. तरी रकाने पक्के नाहीत एवढे त्याने दाखवून दिले.

सर्वांत अर्थपूर्ण निष्कर्ष मात्र एका लहान प्रयोगाचा आहे. सुसमन आणि रोझेनफेल्ड यांनी 1982 साली जपानी, व्हेनेझुएलन आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना जोडीजोडीने बोलायला बसवले. आपापल्या भाषेत बोलताना जपानी लांब बसले, व्हेनेझुएलन जवळ. तेच विद्यार्थी इंग्रजीत बोलू लागले तेव्हा दोन्ही गट अमेरिकी अंतराकडे सरकले. म्हणजे भाषेबरोबर तिचे अंतरही शिकले जाते, आणि भाषा बदलली की खुर्चीही सरकते. घरी आईशी मालवणीत किंवा वऱ्हाडीत बोलणारा माणूस दिवसभर कार्यालयात इंग्रजीत बोलतो, तेव्हा त्याच्या शरीरातही असा बदल होत असणार हे मानायला जागा आहे.

चौथी सीट

अंतर राखणे शक्यच नसते तिथे काय होते? मुंबईच्या उपनगरी गाडीत गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसे उभी असतात. हॉल यांच्या हिशेबाने हे सगळे जिव्हाळ्याच्या पट्ट्यात, एकमेकांच्या श्वासात. जिव्हाळा मात्र नसतो. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1963 साली अशा वागण्याला दिलेल्या नावाचे मराठीत ‘सभ्य दुर्लक्ष’ असे भाषांतर करता येईल: समोरच्याची दखल घेतली, इतके कळेल एवढेच पाहायचे आणि नजर काढून घ्यायची. शरीराने अंतर राखता येत नाही तेव्हा ते नजरेने राखले जाते. म्हणून डब्यात डोळे मोबाइलवर, पंख्यावर, खिडकीबाहेर किंवा मिटलेले असतात. कोपर लागले तर माफी मागितली जात नाही, पण कोणी टक लावून पाहिले तर तंटा होतो.

या गर्दीचे स्वतःचे नियमही आहेत. लोकलचे बाक तिघांसाठी असते. चौथा माणूस येऊन उभा राहतो आणि हाताने बाजूला सरकण्याची खूण करतो. बहुतेक वेळा एक शब्दही बोलावा लागत नाही. तिघे श्वास आत घेतल्यासारखे थोडे आक्रसतात, चौथा काठावर अर्धा टेकतो, एक पाय मार्गिकेत. त्याला मिळालेली जागा वीतभर असते, पण ती मागण्याचा त्याचा हक्क सगळ्यांना मान्य असतो. त्याच रुंदीच्या बाकावर पहिल्या वर्गात अशी खूण केली तर चालेलच असे नाही. गाडी तीच, शहर तेच आणि बहुतेक भाषाही तीच. तिकिटाचा दर बदलला की अंतराचा नियम बदलतो. राष्ट्रीय संस्कृतीच्या नावाने अंतराचे तक्ते करणाऱ्यांना हा फरक पकडता येत नाही.

उंबरा, दार, भिंत

अंतर केवळ उभे राहण्यात नसते. ते घरांच्या आखणीत कायमचे बांधून ठेवलेले असते. जुन्या मराठी वाड्यात रस्त्यावरून आत जाताना ओटा, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर असे टप्पे असत, आणि प्रत्येक टप्प्यावर कोण थांबणार हे ठरलेले असे. फेरीवाला ओट्याशी, कुळे आणि कामानिमित्त आलेले ओसरीवर, नातलग माजघरात. स्वयंपाकघरात सोवळ्यातल्याशिवाय कोणी जात नसे, आणि पाळीच्या दिवसांत घरातली बाईच ‘बाजूला’ बसे. आलेल्या माणसाला त्याचे स्थान सांगण्यासाठी यजमानाला तोंड उघडावे लागत नसे. वास्तूच ते सांगत असे.

जर्मन माणसाला कार्यालयाचे दार बंद असणे म्हणजे सुव्यवस्था वाटते, अमेरिकी माणसाला तेच दार काहीतरी लपवल्यासारखे वाटते, असे हॉल यांनी नोंदवले होते. दोघे एका इमारतीत काम करू लागले की दारावरून मने दुखावतात. जपानी परंपरेत तर मधल्या रिकाम्या जागेला ‘मा’ हे स्वतंत्र नाव आहे. बागेतल्या दोन दगडांमधले अंतर ‘मा’, आणि संगीतातल्या दोन आघातांमधली शांतताही ‘मा’. जागा आणि वेळ यांसाठी एकच शब्द असणे ही या साऱ्या विषयाची किल्लीच म्हणावी लागेल. खुर्च्यांची मांडणीही बोलते. हम्फ्री ऑस्मंड आणि रॉबर्ट सॉमर यांना कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका मनोरुग्णालयात दिसले, की भिंतीला टेकवून रांगेत मांडलेल्या खुर्च्यांवर रुग्ण बोलत नाहीत. त्याच खुर्च्या लहान टेबलांभोवती मांडल्या तर बोलू लागतात.

लादलेले अंतर

इथवरच्या बहुतेक मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे: अंतर ही पसंतीची बाब आहे, प्रत्येक माणूस स्वतःभोवती एक अदृश्य वर्तुळ घेऊन फिरतो आणि इतरांनी ते ओलांडू नये अशी त्याची इच्छा असते. भारतीय अनुभव या गृहीतकाला पुरा पडत नाही, आणि आंतरसांस्कृतिक संवादाच्या पाठ्यपुस्तकांनी त्याकडे पुरेसे पाहिलेले नाही ही त्यांची मोठी उणीव आहे. जातिव्यवस्थेत अंतर राखण्याचे काम खालच्यावर सोपवलेले होते, आणि ते न राखल्यास शिक्षा होती. केरळात कोणत्या जातीने कोणापासून किती लांब थांबायचे याची उतरंड होती. मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालता यावे एवढ्यासाठी 1924 साली वायकोमला सत्याग्रह करावा लागला. पेशव्यांच्या काळात पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून आपली पावले पुसत चालावे लागे आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवावे लागे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (1936) लिहिले आहे. पाणी वरून ओंजळीत ओतणे, वेगळी कपबशी ठेवणे, पैसे हातावर न ठेवता खाली टाकणे या निःशब्द कृतींचा अर्थ देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही पुरता कळत असे.

अंतर आणि वेळ एकाच प्रसंगात कसे बोलतात हे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात बालपणीच्या एका आठवणीतून दाखवले आहे. 1901च्या सुमाराची गोष्ट. घरातल्या इतर मुलांबरोबर ते साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. वडिलांना पत्र मिळाले नसल्याने न्यायला कोणी आलेले नव्हते. मुलांचे कपडे नीटनेटके, टोप्या जरीच्या. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी आपली जात सांगितली. स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला आणि तो काही न बोलता आपल्या खोलीत निघून गेला. मुले होती तिथेच उभी राहिली. सूर्य मावळायला आला. अर्ध्या तासाने तो परत आला. शिवी नाही, हाकलणे नाही. एक माणूस काही पावले दूर गेला आणि त्याने अर्धा तास जाऊ दिला, एवढ्यात मुलांना सगळे कळले. पुढे बैलगाडीवाला मिळाला तो दुप्पट भाडे घेऊन, आणि तेही गाडी मुलांनी हाकायची व त्याने बाजूने चालायचे या अटीवर. शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसणारा हा मुलगा पुढे 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरला आणि ओंजळभर पाणी प्यायला. ती कृतीही शब्दांवाचूनची होती, आणि तिच्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले गेले हे तिला मिळालेले उत्तर.

घड्याळ आणि मुहूर्त

वेळेच्या बाबतीतही हॉल यांनी दोन प्रकार मांडले. एका प्रकारात वेळ सरळ रेषेत कापलेली असते: एका वेळी एक काम, ठरलेली भेट ठरलेल्या वेळी सुरू आणि ठरलेल्या वेळी बंद. दुसऱ्यात अनेक गोष्टी एकाच वेळी चालू असतात, आणि समोर आलेला माणूस वेळापत्रकापेक्षा मोठा असतो. पहिल्यात मोडणाऱ्याला दुसरा बेशिस्त वाटतो, दुसऱ्याला पहिला माणुसकी नसलेला. उपयुक्त भेद आहे हा, पण अंतराच्या रकान्यांसारखाच तोही फार ताणला गेला.

घड्याळाची शिस्त मुळात युरोपातही उपजत नव्हती. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी 1967 सालच्या प्रसिद्ध निबंधात दाखवले, की इंग्लंडमधल्या कामगारांच्या अंगी ती कारखान्यांनी, भोंग्यांनी आणि दंडाने बाणवली. त्याआधी काम संपेल तेव्हा दिवस संपत असे. आताच्या दक्षिण सुदानमधल्या नुअर लोकांविषयी ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी 1940 साली लिहिले, की त्यांचे घड्याळ म्हणजे गुरे: दूध काढायची वेळ, गुरे सोडायची वेळ, वासरे बांधायची वेळ. इथिओपियात आजही दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. तिथला ‘एक वाजता’ म्हणजे सकाळचे सात. उलट जर्मनी हा वक्तशीरपणाचा नमुना मानला जातो, पण तिथल्या विद्यापीठांत व्याख्यान जाहीर वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू करण्याची रीतच आहे. वेळापत्रकात त्याची खूण असते, आणि जिथे खरोखर वेळेवर सुरू होणार तिथे वेगळी खूण.

उशीर नेमका कधी होतो याचे मोजमाप रॉबर्ट लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ब्राझीलमधल्या नितेरोय शहरातल्या विद्यार्थ्यांच्या मते मित्राबरोबरच्या जेवणाला माणूस सरासरी साडेतेहतीस मिनिटांनंतर ‘उशिरा’ ठरत होता. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत 19 मिनिटांनंतर. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नेहमी उशिरा येणारा माणूस यशस्वी असतो असे ब्राझिली विद्यार्थ्यांना वाटत होते. लेव्हिन यांनी पुढे 31 देशांतल्या मोठ्या शहरांत लोकांच्या चालण्याचा वेग, टपाल कचेरीत तिकीट मिळायला लागणारा वेळ आणि बँकांतल्या घड्याळांचा अचूकपणा मोजला. स्वित्झर्लंड पहिले आले, मेक्सिको शेवटी. भारत त्या यादीत नव्हता. जपानमध्ये नोव्हेंबर 2017 मध्ये एक गाडी नियोजित वेळेच्या 20 सेकंद आधी सुटली म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. लवकर सुटणे हाही शब्द मोडणे आहे, असे तिथे मानले जाते.

मराठी माणसाला कोणत्या रकान्यात घालावे? लग्नाची पत्रिका उघडली की प्रश्नातला फोलपणा दिसतो. मुहूर्ताची वेळ मिनिटासकट छापलेली असते: 11 वाजून 37 मिनिटे, आणि त्या क्षणी अक्षता पडाव्यात म्हणून भटजी घड्याळावर नजर ठेवून मंगलाष्टके लांबवतात किंवा आवरतात. पूर्वी यासाठी घटिकापात्र असे. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे 24 मिनिटे झाली. त्याच पत्रिकेत खाली स्वागतसमारंभाची वेळ असते ‘सायंकाळी 7 पासून आपल्या आगमनापर्यंत’. एकाच कागदावर वेळेच्या दोन व्यवस्था नांदतात, आणि कुठली कुठे लागू हे पाहुण्याला कोणी समजावून सांगत नाही. तोच पाहुणा सकाळी ‘आठ-सतराची फास्ट’ पकडण्यासाठी जिन्यावरून धावलेला असतो. गोव्यात, आणि पुण्याच्या जुन्या पेठांत, दुपारी दुकाने बंद ठेवण्याची रीत आहे. तिला आळस म्हणणे सोपे आहे. जेवण आणि विश्रांती यांचा गिऱ्हाइकापेक्षा आधी विचार करणारी ती व्यवस्था आहे.

घड्याळ कोणाचे मानायचे यावरून मुंबईत भांडणही झाले. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या 39 मिनिटे पुढे होती. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम थांबवले, दगडफेकही झाली: सूर्य तोच असताना अंधारात अर्ध्या तासाहून अधिक लवकर उठून कामाला यायला त्यांना सांगितले गेले होते. ‘बॉम्बे टाइम’ त्यानंतरही चार दशकांहून अधिक काळ शहरात टिकून राहिली. भिंतीवरचे घड्याळ 39 मिनिटे मागे ठेवणे ही सरकारला न बोलता सांगितलेली असहमती होती.

कोण थांबतो, कोण थांबवतो

वेळेच्या भाषेतले सर्वांत स्पष्ट विधान म्हणजे वाट पाहायला लावणे. समाजशास्त्रज्ञ बॅरी श्वार्ट्झ यांनी 1975 साली मांडले, की प्रतीक्षा समाजात सारखी वाटलेली नसते. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याचा वेळ मौल्यवान ठरतो आणि इतरांचा फुकट. हाविएर ऑयेरो यांनी अर्जेंटिनातल्या सरकारी मदत कचेऱ्यांत ताटकळणाऱ्या गरिबांचा अभ्यास 2012 साली पुस्तकरूपाने मांडला. उद्या या, साहेब नाहीत, यंत्रणा बंद आहे, अशा उत्तरांतून माणसे हळूहळू मुकाट राहायला शिकतात, असे त्यांना दिसले. तहसील कचेरीत सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठी खेटे घातलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे पुस्तक वाचण्याची गरज नाही. तिथले बाक दाराबाहेर असते, साहेबाच्या टेबलासमोरच्या खुर्च्या आत असतात, आणि गाडीतून आलेला माणूस बाकावर न बसता सरळ आत जातो.

बोलण्यातल्या क्षणभराच्या थांबण्यालाही अर्थ असतो. दहा भाषांतल्या संभाषणांवर 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हो-नाही प्रश्नांची उत्तरे यायला लागणारा वेळ मोजला. सर्वत्र तो सेकंदाच्या काही अंशांत होता: जपानीत सरासरी 7 सहस्रांश सेकंद, डॅनिशमध्ये 469. शांत म्हणून प्रसिद्ध असलेले जपानी सर्वांत चटकन उत्तर देणारे निघाले. सर्वच भाषांत मात्र नकार होकारापेक्षा सावकाश आला. पश्चिम अपाची लोकांत अनोळखी माणसांना भेटताना, नुकतेच प्रेम जुळलेल्या तरुणतरुणींना एकत्र असताना किंवा दुःखात असलेल्याजवळ बसताना न बोलणे हीच रीत असल्याचे कीथ बासो यांनी 1970 साली नोंदवले. महाराष्ट्रातही मयताच्या घरी गेलेला माणूस पायरीवर किंवा सतरंजीवर काही न बोलता बसतो आणि निघताना ‘येतो’ असे म्हणत नाही.

दोन गज आणि दोन निळ्या खुणा

2020 साली करोनाच्या साथीने अंतराला सरकारी आकडा दिला. जागतिक आरोग्य संघटनेने किमान एक मीटर सांगितला, जर्मनीने दीड, भारतात ‘दो गज की दूरी’ हे घोषवाक्य झाले. दुकानांसमोर चुन्याची वर्तुळे आखली गेली. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसे राहणाऱ्या धारावीत दोन गजांचा नियम पाळणे अशक्य होते, आणि अंतर ही जागा परवडणाऱ्यांची चीज आहे हे त्या महिन्यांत उघड दिसले. हस्तांदोलनाऐवजी जगभरच्या नेत्यांनी नमस्कार केला. ज्यांच्या पूर्वजांना न शिवता दुरून वागवले गेले होते त्यांच्यासाठी ‘सामाजिक अंतर’ हा शब्दच बोचरा होता, आणि त्याऐवजी ‘शारीरिक अंतर’ म्हणावे अशी मागणी झाली.

त्याच काळात कचेऱ्या आणि शाळा पडद्यावर गेल्या. व्हिडिओ बैठकीत सहकाऱ्याचा चेहरा एरवी फक्त जिवलगाचा दिसतो तेवढा मोठा दिसतो, आणि तोही एकटक पाहणारा. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 साली या बैठकींच्या थकव्याचे हे एक कारण सांगितले: मेंदू तासन्‌तास जिव्हाळ्याच्या पट्ट्यात परक्यांना झेलत असतो. लोकलच्या डब्यात नजर फिरवता येते. पडद्यावर ती फिरवली तर लक्ष नाही असा अर्थ होतो.

मोबाइलवरच्या निरोपांत अंतर उरत नाही, वेळ तेवढा उरतो, आणि म्हणून सगळा अर्थ त्यावर येऊन बसतो. व्हॉट्सअ‍ॅपने नोव्हेंबर 2014 मध्ये निरोप वाचला गेल्याची निळी खूण आणली. तोवर उत्तर न येण्याला ‘पाहिले नसेल’ अशी पळवाट होती. आता वाचून गप्प राहणे हे वेगळे विधान झाले. मुलगा परदेशी असलेल्या घरात रात्री उशिरापर्यंत ती खूण निळी होण्याची वाट पाहिली जाते, आणि झाल्यावर उत्तराची. लोकांच्या तक्रारींनंतर काही दिवसांतच ही खूण बंद करण्याची सोय देण्यात आली. तिला एक अट आहे: ज्याने आपली निळी खूण लपवली त्याला इतरांचीही दिसत नाही.